निर्णयाला लागणारा वेळ

४ जून २०२४ रोजी ओझरहून उडालेले सुखोई-३० निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शिवारात कोसळले. त्याआधी २७ जून २०१८ रोजी असेच एक सुखोई पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशीच्या शेतात पडले होते. दोन्ही वेळा दोघेही वैमानिक बाहेर पडले आणि सुखरूप राहिले. बाहेर पडण्याची मूठ ओढायला हाताला अर्धा सेकंदही लागत नाही आणि ती ओढल्यावर खुर्ची क्षणार्धात विमानाबाहेर असते. वेळ जातो तो त्याआधी. हे विमान आता वाचणार नाही, हे मान्य करण्यात आणि ‘निघू या’ असे ठरवण्यात. हात हलण्याआधी मेंदूत जे घडते त्याला किती वेळ लागतो, तो का लागतो आणि कमी करता येतो का, हा प्रश्न विज्ञान गेली दोन शतके सोडवते आहे. आमच्या ओझरला तर तो अगदी घरचा प्रश्न आहे.

इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. पुढे मिग-२७ आले, सुखोई आले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. मिग-२१ धावपट्टीवर टेकायचे ते ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ९४ मीटर. पाव सेकंदाचा विचार म्हणजे जवळपास २४ मीटर धावपट्टी मागे गेली.

माणसाला प्रतिक्रिया द्यायला वेळ लागतो, हे आधी लक्षात आले ते आकाश पाहणाऱ्यांच्या. १७९६ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या आपल्या मदतनिसाला कामावरून काढले. तारा दुर्बिणीतली तार ओलांडताना घड्याळाच्या ठोक्यांशी मेळ घालून वेळ नोंदवायची असे. किनब्रुकच्या नोंदी मॅस्केलिन यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडत. हा हलगर्जीपणा ठरला. काही वर्षांनी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी हे प्रकरण वाचले, मोठमोठ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्यांच्यातही असाच फरक सापडला. तो दोष नव्हता, प्रत्येकाच्या मेंदूचा स्वतःचा वेळ होता. डोळ्याने तारा पाहायचा, कानाने ठोका ऐकायचा आणि दोन्ही जुळवायचे, यात साऱ्यांचाच वेळ जात होता. किनब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच. अपघातानंतर आजही ‘चालकाची प्रतिक्रिया उशिरा आली’ असे एका वाक्यात लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

मज्जातंतूतला संदेश इतका वेगवान असतो की तो मोजताच येणार नाही, असे तेव्हाचे जाणकार मानत. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या पायातला मज्जातंतू घेऊन तो वेग मोजला. तो निघाला सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे धावत्या रेल्वेशी तुलना करता येईल इतकाच. मग १८६८ साली हॉलंडमधल्या युट्रेख्ट इथले डॉक्टर डाँडर्स यांनी खरी पकड घेतली. एकच दिवा आणि एकच बटण असताना लागणारा वेळ त्यांनी मोजला. मग दोन दिवे आणि दोन बटणे ठेवून पुन्हा मोजला. दुसऱ्यातून पहिला वजा केला. जे उरले ते निवडीचे मोल. मनाच्या एखाद्या कामाला इतके-इतके मिलिसेकंद लागतात, असे आकड्यात सांगण्याची ती सुरुवात होती.

हा प्रयोग घरी करता येतो. तीस सेंटिमीटरची शाळेची पट्टी कुणाला तरी वरून धरायला सांगावी. आपला अंगठा आणि तर्जनी तिच्या शून्यापाशी उघडी ठेवावी. पट्टी सुटली की चिमटीत पकडावी. बहुतेकांची चिमूट १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान बसते. गुरुत्वाकर्षणाचे साधे गणित केले की १५ म्हणजे सुमारे १७५ मिलिसेकंद आणि २० म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद. आता नियम बदलावा. पट्टी सोडणाऱ्याने सोडताक्षणीच एक आकडा उच्चारायचा. तो सम असेल तर पकडायची, विषम असेल तर पडू द्यायची. पट्टी तीच आणि बोटेही तीच, पण या वेळी ती सरळ चिमटीतून निसटून जमिनीवर पडते. निवडीसह लागणारा वेळ साडेतीनशे मिलिसेकंदांच्या घरात गेला, तर तेवढ्यात पट्टी साठ सेंटिमीटर खाली गेलेली असते. बोटांना सरावाने चपळ करून हा फरक भरून निघत नाही. डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोचायला ५० ते ८० मिलिसेकंद लागतात आणि मेंदूतून निघालेली आज्ञा हाताच्या स्नायूपर्यंत यायला वीसेक. ही दोन टोके जवळजवळ ठरलेली आहेत. ताणते ते मधले अंतर. माझ्या मते या साऱ्या संशोधनाचे सार इतकेच आहे: हात मंद नसतो, निवड वेळ खाते. म्हणून वेग हवा असेल तर निवड कमी करावी लागते किंवा ती आधीच उरकून घ्यावी लागते.

निवड किती वेळ खाते याचा हिशेब ब्रिटनमधल्या हिक यांनी १९५२ साली आणि अमेरिकेतल्या हायमन यांनी १९५३ साली मांडला. पर्याय दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, ठराविक तेवढाच वाढतो. दोनाचे चार झाले तरी तितकाच आणि चाराचे आठ झाले तरी तितकाच. नियम म्हणून हा देखणा आहे, पण त्याचे अपवाद मला जास्त मोलाचे वाटतात. १९५९ साली लेनर्ड यांनी पर्याय दिव्यांनी दाखवण्याऐवजी बोटांखालची बटणेच थरथरवली. जे बटण थरथरेल तेच दाबायचे. तेव्हा पर्याय वाढवूनही वेळ जवळजवळ वाढला नाही. खूण आणि कृती एकाच जागी आली की मेंदूला शोधाशोध करावी लागत नाही.

विमान बांधणाऱ्यांना हे आधीच रक्त सांडून कळले होते. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकी बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर असतानाच वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाके मिटून टाकायचा. दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. अल्फॉन्स शापानीस या मानसशास्त्रज्ञाने एका मुठीला रबरी चाकाचा आकार द्यायला लावला आणि दुसरीला पाचरीचा. न पाहता, नुसत्या तळहाताला कळावे म्हणून. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते. वैमानिकाला ‘सावध राहा’ असे शंभरदा बजावून जे झाले नसते, ते त्या मुठीने केले.

मेंदूच्या आत काय चालते याचे आज सर्वाधिक मान्य असलेले चित्र ‘साठवणुकी’चे आहे. मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली त्याचा गणिती साचा मांडला. समोरून येणारा पुरावा नेहमी धूसर असतो. मेंदू तो क्षणाक्षणाने गोळा करतो आणि पारडे एका बाजूला ठराविक पातळीपर्यंत झुकले की कृतीची आज्ञा सुटते. पुरावा स्पष्ट असेल तर ती पातळी लवकर गाठली जाते. पातळीच खाली आणून ठेवली तर निर्णय झटपट होतो, पण चुका वाढतात. वर नेली तर चुका कमी होतात आणि उशीर होतो. घाई आणि अचूकता यांतली ओढाताण या एका साच्यात नीट बसते. घाईगर्दीत, ओरड्यात किंवा भीतीत माणूस चुकतो, त्याचा एक अर्थ असाही लागतो की मेंदूने ती पातळी खाली सरकवलेली असते.

हे नुसते कागदावरचे राहिले नाही. १९९६ साली हेन्स आणि शॉल यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोळ्यांची हालचाल ठरवणाऱ्या पेशींचे संदेश नोंदवले. डोळा लवकर हलो वा उशिरा, हालचाल सुटताना पेशींची सक्रियता साधारण एकाच पातळीवर पोचलेली असे. फरक असे तो त्या पातळीपर्यंत चढण्याच्या वेगात. शॅडलेन आणि न्यूसम यांनी पडद्यावर सैरावैरा हलणारे ठिपके माकडांना दाखवून मेंदूच्या भित्तिखंडात पुरावा साठत जाताना पाहिला. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आदित्य मूर्ती आणि त्यांचे सहकारी डोळा व हात यांच्या हालचाली मेंदू कशा ठरवतो आणि ऐन वेळी कशा बदलतो, यावर दीर्घकाळ काम करत आले आहेत.

तरी चित्र पूर्ण झाले असे मानू नये. २०१६ साली टेक्सास विद्यापीठातल्या गटाने भित्तिखंडाचा तो भाग तात्पुरता निष्क्रिय केला आणि माकडांचे निर्णय फारसे बिघडले नाहीत. पुरावा जिथे साठताना दिसतो तिथेच निर्णय होतो, असे म्हणता येत नाही. बहुधा अनेक भाग एकाच वेळी हे काम करत असतात आणि एक थांबला तर दुसरा सांभाळून घेतो. बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाबाबतही असेच झाले. हात हलवावा असे वाटण्याच्या सुमारे एक-तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीची लहर उठते, असे त्यांनी दाखवले आणि ‘मग माणसाची इच्छा खरी की खोटी’ म्हणून वादळ उठले. २०१२ साली शुर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळा अर्थ सुचवला. मेंदूत सतत चालणारे चढउतार योगायोगाने पातळीजवळ पोचतात तेव्हा हालचाल होते आणि अशा अनेक नोंदींची सरासरी काढली की ती चढत्या लहरीसारखी दिसते. मला हा अर्थ अधिक पटतो. इच्छास्वातंत्र्याचा निकाल एका मनगटाच्या हालचालीवरून लावण्याची घाई झाली होती.

सुरू केलेली कृती थांबवणे हे वेगळेच काम आहे. १९८४ साली लोगन आणि कॉवन यांनी ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन आज्ञांची शर्यत लावून मोजमाप केले. थांबण्याच्या आज्ञेलाही दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पहिली आज्ञा पुढे निघून गेली तर ती परत बोलावता येत नाही. खो-खो खेळलेल्यांना हे अंगाने ठाऊक आहे. खो मिळाल्यावर आक्रमकाने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. नवखा खेळाडू खो मिळाल्यावर संरक्षक कुठे आहे ते शोधतो आणि मग उठतो. मुरलेला खेळाडू चौकोनात बसल्या-बसल्या मान वळवत संरक्षकाची चाल वाचतो, कुठल्या बाजूला निघायचे ते ठरवून ठेवतो. त्याच्या दृष्टीने खो ही फक्त परवानगी असते. पाहणाऱ्याला वाटते, काय विजेसारखा उठला!

क्रिकेटमध्ये तर हे मोजून झाले आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ साली कसोटी दर्जाचे फलंदाज आणि हौशी खेळाडू यांना अशा खेळपट्टीवर खेळवले की टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल हे आधी कळू नये. बदललेल्या चेंडूला प्रतिसाद द्यायला दोघांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागले. म्हणजे शरीराच्या त्या पायाभूत वेगात गावसकर किंवा तेंडुलकर यांना निसर्गाने काही वेगळे दिलेले असण्याची गरज नाही. २००० साली मॅक्लाउड आणि लँड यांनी फलंदाजांचे डोळे कुठे जातात ते टिपले. चांगला फलंदाज चेंडूच्या मागे-मागे पाहत नाही. चेंडू सुटताना पाहून तो नजर टप्पा पडेल त्या जागी आधीच नेऊन ठेवतो. शिवाजी पार्कच्या जाळ्यात वर्षानुवर्षे पहाटे कमावले जाते ते हे वाचन.

आता पुन्हा वैमानिकाकडे येऊ, कारण तिथे किंमत सर्वांत मोठी आहे. उशिरा घेतलेला निर्णय हे विमानातून बाहेर पडूनही जीव जाण्याचे एक मोठे कारण म्हणून विमानवैद्यकात ओळखले जाते. वैमानिक विमान वाचवण्याची धडपड करत राहतो आणि खाली गाव दिसले तर ते टाळण्याची. म्हणूनच अनेक हवाई दलांत नियम जमिनीवरच ठरवून दिलेला असतो: ताबा सुटलेले विमान अमुक उंचीखाली आले की बाहेर पडायचे, चर्चा नाही. प्रवासी विमानाच्या उड्डाणाच्या धावेतही ‘व्ही-वन’ नावाचा वेग आधी काढून ठेवलेला असतो. त्याआधी बिघाड झाला तर थांबायचे, त्यानंतर झाला तर उडायचेच. सहवैमानिक ‘व्ही-वन’ म्हणताच कॅप्टन इंजिनांच्या दांड्यांवरून हात काढून घेतो. थांबण्याचा मोहसुद्धा होऊ नये म्हणून. एक पर्याय हातातूनच काढून टाकण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

जे आधी ठरवता येत नाही त्याचे काय? १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाची दोन्ही इंजिने पक्षी शिरल्याने निकामी झाली आणि कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरवले. साऱ्याला जेमतेम साडेतीन मिनिटे लागली. पुढे चौकशीत सिम्युलेटरवर वैमानिकांना बसवले, तेव्हा लगेच वळणाऱ्यांपैकी काहींनी विमान परत विमानतळावर आणून दाखवले. पण त्यांना काय घडणार हे ठाऊक होते. काय झाले ते ओळखायला आणि काय करायचे ते ठरवायला खऱ्या माणसाला लागेल असा ३५ सेकंदांचा वेळ हिशेबात धरून परतीचा प्रयत्न केला, तेव्हा तो फसला. निर्णयाला लागणारा वेळ कर्तव्यात कसूर म्हणून न मोजता माणसाचा हक्क म्हणून मोजला गेला, याचे मला समाधान आहे. किनब्रुकच्या वाट्याला ते आले नव्हते.

आपल्या हवाई दलाच्या निवडीतही नुसत्या चपळाईला फार भाव नाही, हे बरेच आहे. वैमानिकपदाच्या उमेदवाराची पायलट अॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट आणि आता तिची संगणकीकृत आवृत्ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत हातापायांचा मेळ आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची कुवत पाहिली जाते. तेजससारख्या विमानात तर क्षणोक्षणीचे बारीक तोल सांभाळण्याचे काम संगणक करतो. वैमानिकाकडे उरतात ते मोठे निर्णय, आणि पडद्यांवरची माहिती वाढली की तेही अवघड होतात.

ओझरकरांपैकी फार थोडे कधी विमान चालवतील. मुंबई-आग्रा महामार्गावर मात्र आपण सगळेच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत चालकाने अडथळा पाहून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरले आहेत. पाहणे, समजणे, भावनेचा धक्का आणि ठरवणे, हे सारे त्यात आले. ताशी ८० किलोमीटर वेगाने या अडीच सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते, आणि तोवर ब्रेकला पाय लागलेलाही नसतो. पुढे ब्रेक लागून थांबायला आणखी सत्तरेक मीटर. अपेक्षित गोष्टीला सावध चालक पाऊण सेकंदात ब्रेक लावतो, पण अगदीच अनपेक्षित गोष्ट समोर आली तर दीड सेकंद जातो. टोमॅटो-कांद्याच्या हंगामात पिंपळगावच्या बाजाराकडे निघालेली, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली रात्री त्या दुसऱ्या प्रकारात मोडते. चमकणारी एक लाल पट्टी चिकटवली तर ती पहिल्या प्रकारात येते. खर्च काहीशे रुपयांचा.

झोपेचे आणि फोनचे मोजमापही झाले आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसले. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. २००१ साली स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी दाखवले की फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल दिसायचे राहून जाण्याचे प्रमाण दुप्पट होते, आणि हात मोकळे ठेवून बोलले तरी फरक पडत नाही. कारण अडकलेला असतो तो हात नव्हे, निर्णय घेणारा मेंदू. हँड्स-फ्री म्हणजे सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की मी मी म्हणणारे शिकलेले लोकही ती बाळगून आहेत. ती सोडायला हवी.

तेव्हा महामार्गावर निघणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. फोन घ्यायचा की नाही, हे गाडी सुरू करण्याआधी ठरवा आणि तो बंद करून ठेवा. डोळे जड झाले तर कुठल्या ढाब्यावर थांबायचे, तेही आधी ठरवा. ताशी ऐंशीने जात असाल तर पुढच्या वाहनापासून निदान ५५ मीटर अंतर ठेवा. आणि ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी या आठवड्यात तिच्या मागे परावर्तक पट्टी लावून घ्यावी.